मदत हवी आहे : खगोलशास्त्राचं खरं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड कोणतं? (मुलगी नववीत)

द्राक्षबागवाला

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. मुलगी यंदा नववीत गेली, सेमी इंग्रजी. आकाशाचं भलतं वेड आहे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला गेलो की शेजारच्या पोरांना वृश्चिकाची नांगी दाखवत बसते.

शाळेतून एक पत्रक आलंय. 'आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाड', घरबसल्या परीक्षा, प्रत्येकाला मेडल, पुढची लेव्हल पार केली तर परदेशात अंतिम फेरी. तिथला खर्च पालकांचा. फी शनिवारपर्यंत भरायची आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत जे झालं ते हेच का? आणि दुर्बीण घ्यावी लागेल का? दुकानदार पंधरा हजारांची दाखवतोय. क्लास म्हणाल तर इथे नीटचे आहेत, खगोलाचे कुठून असणार? जाणकारांनी सांगावं.

खडूफळा

फी भरू नका, आधी वाचा.

मुंबईत झालं ते आयओएए, म्हणजे इंटरनॅशनल ऑलिंपियाड ऑन अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स. २००७ मध्ये थायलंडच्या चियांग माईला सुरू झालं, आपल्याकडे त्याआधी २०१६ मध्ये भुवनेश्वरला झालं होतं. त्याला भारतातून फी भरून परस्पर जाता येत नाही. पाच जणांचा संघ जातो आणि तो मुंबईतल्या मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निवडतं. पहिली पायरी एनएसईए (नॅशनल स्टँडर्ड एक्झामिनेशन इन अ‍ॅस्ट्रॉनॉमी), ही परीक्षा इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स नोव्हेंबरच्या अखेरीस घेते. त्यातून वर आलेल्यांची आयएनएओ (इंडियन नॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी ऑलिंपियाड) जानेवारी-फेब्रुवारीत, आणि त्यातल्या मोजक्या मुलांचं उन्हाळ्यात मानखुर्दला शिबिर. तिथे संघ ठरतो. संघात निवड झाली तर प्रवासाचा खर्च पालकांवर येत नाही.

नावावर मात्र जाऊ नका. १९९६ मध्ये रशियात सुरू झालेलं 'इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमी ऑलिंपियाड' नावाचं दुसरं ऑलिंपियाडही खरंच आहे, २००६ मध्ये ते मुंबईत भरलं होतं. त्यामुळे पत्रकवाल्यांना मिळतंजुळतं नाव घेणं सोपं जातं. त्यांना फोन करून एवढंच विचारा : भारताचा संघ कोण निवडतं? उत्तरात मानखुर्द आलं नाही तर समजून जा. पोरीला हौस म्हणून ती परीक्षा द्यायची असेल तर जरूर द्या, पण हौसेच्याच हिशेबाने.

अर्धाचंद्र

काका, मी अकरावीत आणि बारावीत एनएसईए दिली आहे, म्हणून थोडं स्पष्ट सांगतो. तारे ओळखता येतात एवढ्यावर ही परीक्षा निघत नाही. पेपरचा मोठा भाग अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित असतो, खगोल त्यामानाने थोडं. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. आयएनएओला तर पर्याय टिकमार्क करून भागत नाही, पायऱ्या मांडून गणित सोडवावं लागतं : केप्लरचे नियम, ताऱ्यांच्या प्रती, म्हणजे तेजाची मापं (पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट), आकाशगोलावरचे कोन.

पण तिची गच्ची वाया जात नाही. अंतिम स्पर्धेत लेखी पेपर आणि माहितीचं विश्लेषण यांच्या जोडीला आकाशनिरीक्षणाचीही परीक्षा असते. शहरातली हुशार पोरं तिथे चाचपडतात, कारण त्यांनी अंधारं आकाशच पाहिलेलं नसतं.

दुर्बीण आत्ता नको. दुकानातली स्वस्त दुर्बीण स्टँडवरच डुलते, चंद्र सोडून काही धड दिसत नाही. घ्यायचीच तर १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. संगणकावर आकाश दाखवणारं स्टेलॅरियम फुकट आहे. पावसाळाभर आकाश मिळायचं नाही, तेवढ्यात त्रिकोणमिती उरकून घ्यायला सांगा. होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर आयएनएओच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, क्लासपेक्षा त्या बऱ्या.

तिला एक गणित देतो. तासगावचं अक्षांश १७ अंश उत्तर. अगस्त्य तारा खगोलीय विषुववृत्ताच्या ५२.७ अंश दक्षिणेला आहे. तो तासगावहून जास्तीत जास्त किती उंच दिसेल?

मिरजेची मावशी

नववीतल्या मुलीवर बारावीचं भौतिकशास्त्र कशाला लादायचं? दहावीपर्यंतच्या मुलांसाठी एनएसईजेएस (ज्युनियर सायन्सची तशीच परीक्षा) आहे, ती फिजिक्स टीचर्सवाली असोसिएशनच घेते. त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र सगळं येतं. माझ्या भाच्याने तीच दिली. निवड झाली नाही, पण पाठांतर सुटलं.

अर्धाचंद्र

मावशी, ती चांगलीच परीक्षा आहे, पण त्या वाटेने गेलं तर पुढे ज्युनियर सायन्स ऑलिंपियाड येतं, खगोलाचं नाही. एनएसईए बारावीपर्यंतच्या कुणालाही देता येते. नववीत निकालाची अपेक्षा न ठेवता पेपर बघून यावा, एवढंच म्हणतोय. यंदाच्या माहितीपत्रकात जन्मतारखेची अट आणि कोणती परीक्षा कोणत्या दिवशी आहे ते पाहून ठरवा.

द्राक्षबागवाला

सगळ्यांचे आभार. पत्रकवाल्यांना फोन केला. 'संघ आमची कमिटी निवडते' म्हणाले, मानखुर्दचं नाव काढल्यावर फोन दुसऱ्याकडे दिला. फी भरली नाही.

अगस्त्याचं गणित पोरीने वहीत आकृती काढून केलं. ध्रुव १७ अंशांवर, म्हणून विषुववृत्त दक्षिणेला ७३ वर, त्यातून ५२.७ वजा, उरले २०.३. खाली तिनेच लिहिलंय, 'म्हणजे चिंचेच्या झाडामागे.' बरोबर आहे का?

आणि आमच्या शाळेने याआधी एनएसईए कधी घेतलेली नाही. मग नाव कुठे नोंदवायचं?

अर्धाचंद्र

एकदम बरोबर. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तो तिथे असेल, चिंच तेवढी छाटा.

खडूफळा

आपलीच शाळा केंद्र असली पाहिजे असं नाही. नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते, तेव्हा असोसिएशनच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी पाहा. सांगलीत नसेल तर कोल्हापूर बघा, बहुतेक वेळा एखादं सीनियर कॉलेज असतं. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात जाऊन भेटा, फोनवर कुणी धड सांगत नाही. मुख्याध्यापकांचं इयत्तेचं पत्र आणि जन्मतारखेचा दाखला बरोबर असू द्या.