साखर आटोक्यात आल्यावर आईच्या डोळ्यांच्या पडद्यावरील दोष वाढला : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या आईचे वय ६२ असून तिला १४ वर्षांपासून मधुमेह आणि ६ वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. गेल्या वर्षी तिचे एचबीएवनसी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण, ११ टक्के होते. इन्सुलिन सुरू केल्यावर चार महिन्यांत ते ७ वर आले आणि आम्हाला हायसे वाटले. मात्र त्यानंतर थेंब घालून, बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीत पडद्यावरील रक्तस्रावाचे ठिपके वाढलेले दिसले, शिवाय डाव्या डोळ्यात मॅक्युलाजवळ, म्हणजे बारीक अक्षरे वाचण्यासाठी लागणाऱ्या मध्यभागाजवळ, थोडी सूजही आढळली.

आईला मात्र दोन्ही डोळ्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. त्यामुळे आजार आहे हेच तिला पटत नाही, आणि पटले तरी ती सारा दोष इन्सुलिनला देते. "साखर जास्त होती तेव्हा माझे डोळे चांगले होते," असे म्हणून ती ते बंद करायला निघाली आहे.

नेत्रतज्ज्ञांच्या सांगण्यानुसार वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या साखरेने केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन पाझरू लागतात, पण सूज अगदी मध्यावर येईपर्यंत नजर शाबूत राहू शकते. साखर झपाट्याने उतरल्यास आधीचा दोष काही काळ वाढू शकतो, हेही त्यांनी सांगितले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासातही काही रुग्णांमध्ये पहिल्या वर्षी असेच घडले होते, परंतु पुढील वर्षांत साखर काटेकोरपणे सांभाळणाऱ्यांचेच डोळे अधिक सुरक्षित राहिले. तो अभ्यास टाइप १ मधुमेहाचा होता आणि आईला टाइप २ आहे, म्हणून माझी काळजी पुरती मिटलेली नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे झाले आहे का? हा बिघाड किती महिन्यांनी थांबला, आणि नजर चांगली असलेल्या माणसाला उपचार सुरू ठेवण्यासाठी आपण कसे समजावले? तीन महिन्यांनी पुन्हा ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांची सूज दाखवणारे स्कॅन, करून मगच डोळ्यातील इंजेक्शनचे ठरवू, असे डॉक्टर म्हणतात. अशी वाट पाहिलेल्यांचा अनुभव मला विशेष हवा आहे. आईचा रक्तदाब अजूनही १५०/९० च्या आसपास असतो आणि त्यानेही याच वाहिन्यांवर ताण येतो. मूत्रपिंडातील बारीक वाहिन्याही मधुमेहाने अशाच बिघडतात, तरी लघवीतील प्रथिनांची तपासणी अद्याप कोणी सुचवलेली नाही. ती आम्ही स्वतःहून मागावी का?