वकिली थांबवतोय, पेन्शनच्या जुन्या फायलींचं काय करू?

पेन्शनवाला_वकील:
मार्चनंतर कोर्टात उभं राहणं बंद. ३१ वर्षं एकच काम केलं: पेन्शन, ग्रॅच्युइटी, कुटुंब निवृत्तिवेतन. चेंबरमध्ये दोन कपाटं फायली आहेत, बहुतेक निकाली निघालेल्या. मुलगा म्हणतो, रद्दीत घाला. माझा धीर होत नाही. पेन्शनची केस निकालानं कुठं संपते? कुणी पेन्शनचा हिस्सा विकलेला असतो, म्हणजे एकरकमी पैसे आधी घेतलेले आणि त्यापोटी दरमहा पेन्शनमधून कपात. ती कपात १५ वर्षांनी थांबायला हवी, तेव्हा तारीख दाखवायला आदेशाची प्रत लागते. माणूस गेला की बायकोला तेच कागद लागतात, आणि कचेरीतली फाईल नेमकी तेव्हा 'सापडत नाही'. तर ठेवू काय, परत काय देऊ?

नवी_सनद:
सर, स्कॅन करून मूळ कागद पक्षकारांना देऊन टाका. जाता जाता विचारते, सिनियर म्हणतात या कामात पैसा नाही आणि डोकंही लागत नाही, नुसते नियम. खरंय का?

माजी_हेडक्लार्क:
मी टेबलाच्या पलीकडचा, आस्थापना शाखेतला. खरं सांगू? वकिलाच्या नोटिशीला आम्ही भीक घालत नव्हतो. सोबत सेवापुस्तकाच्या, म्हणजे नोकरीच्या नोंदवहीच्या, पानांच्या झेरॉक्स असल्या की मात्र साहेब लगेच फाईल मागवायचे. ती पानं फेकू नका. बाकी वकालतनामे, पोचपावत्या बिनधास्त फाडा.

पेन्शनवाला_वकील:
नवी सनद, पैशाचं खरंय. डोक्याचं नाही. सुप्रीम कोर्टातल्या डी. एस. नकारा खटल्याचा निकाल वाचा, १७ डिसेंबर १९८२. ३१ मार्च १९७९च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शन नाही, असं सरकारचं म्हणणं. पाच न्यायमूर्तींनी ती तारीखच निकालात काढली.

माझ्या वाट्याला एवढं मोठं काही आलं नाही. मला आली अतिप्रदानाची, म्हणजे चुकून जादा दिलेल्या पगाराची, वसुली. एक शिपाई, वेतननिश्चिती चुकली कचेरीची, ती कळली निवृत्तीच्या तोंडावर, आणि रक्कम कापली त्याच्या ग्रॅच्युइटीतून. वर्ग चारचा माणूस, आणि अशांकडून ही वसुली करू नये असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०१४चा रफिक मसीह निकाल घेऊन मी निवांत गेलो. समोरच्यांनी हमीपत्र काढलं: 'जादा रक्कम निघाल्यास परत करीन', खाली सही. जोडीला २०१६चा जगदेव सिंग निकाल, म्हणजे हमी दिली असेल तर वसुली चालते. माझ्या पोटात गोळा. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "पेन्शनच्या कागदांबरोबर सह्या करा म्हणाले, केल्या."

मग तारीख बघितली. हमीपत्र निवृत्तीच्या दोन महिने आधीचं, आणि वेतननिश्चिती सतरा वर्षांपूर्वीची. पैसे घेताना दिलेली हमी वेगळी आणि पैसे देऊन झाल्यावर उकळलेली वेगळी, एवढाच माझा युक्तिवाद. दहा मिनिटंही लागली नाहीत. रक्कम परत मिळाली.

पुढं तशाच दुसऱ्या केसमध्ये हमीपत्र वेतननिश्चितीच्याच दिवशीचं निघालं. हरलो. त्या बाईंनी फी मात्र पूर्ण दिली, ते अजून बोचतं.

हेडक्लार्क साहेब, तुमचं ऐकतो. आदेश, सेवापुस्तकाची पानं आणि हमीपत्रं ठेवतो. नवी सनद, स्कॅनिंगला हात लावायला येणार असाल तर एक कपाट तुमचं.

नवी_सनद:
येते सर. हरलेल्या केसची फाईल आधी काढून ठेवा.