नदीवरून उपसा परवानगीसाठी पिकाला लागणारे पाणी कसे मोजावे?

प्रश्न (कृष्णाकाठ):
पलूस तालुक्यात माझी पाच एकर जमीन आहे. तीन एकरांत आडसाली ऊस असून दोन एकरांत सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा असतो. कृष्णेवरून पाणी उचलण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायचा आहे. गावात सगळेजण पाच अश्वशक्तीचा पंप लिहून मोकळे होतात; परंतु अर्जात पाण्याची गरज घनमीटरमध्ये दाखवायची झाल्यास हिशेब कोठून सुरू करावा? ऊस दीड वर्ष शेतात राहतो, त्यामुळे वर्षाचा आकडा कोणता धरावा, हेही कळत नाही.

उत्तर (पाटकरी):
वर्षाचा एकच आकडा काढू नका. जलसंपदा विभागाचे सिंचन वर्ष १ जुलैला सुरू होते आणि खरीप १४ ऑक्टोबरपर्यंत, रब्बी फेब्रुवारीअखेर व उन्हाळी हंगाम ३० जूनपर्यंत मानला जातो. त्यामुळे गरजही हंगामवारच मांडावी. संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाला (हवामानानुसार प्रमाण गवताच्या रानातून जमीन व पानांवाटे उडणारे पाणी) पीक गुणांकाने (त्या तुलनेत आपल्या पिकाला किती पाणी लागते, ते प्रमाण) गुणून प्रभावी पाऊस (पिकाच्या उपयोगी पडणारा पाऊस) वजा केला की निव्वळ गरज मिळते. वार्षिक बेरजेत जुलै-ऑगस्टचा पाऊस एप्रिलची तूट झाकून टाकतो, म्हणून मला ती पद्धत फसवी वाटते.

मे महिन्यात संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन दिवसाला ६ मि.मी. आणि पूर्ण वाढीच्या उसाचा गुणांक १.२५ धरला, तर ७.५ मि.मी., म्हणजे हेक्टरी ७५ घनमीटर पाणी लागते. तुमच्या तीन एकरांना, म्हणजे सुमारे १.२ हेक्टरांना, रोज ९० घनमीटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास १०० घनमीटर उचलावे लागेल, सरीने ६० टक्के धरल्यास १५०. आठ तास वीज मिळाल्यास हे अनुक्रमे सेकंदाला सुमारे ३.५ आणि ५.२ लिटर होते. हरभऱ्याला रब्बीत दोन-तीन पाळ्या पुरतात. उन्हाळ्यात ते रान मोकळे असेल, तर तेथे शून्य लिहावे.

उत्तर (नदीकाठचा शेतकरी):
वरील हिशेबाला एक जोड देतो. ठिबकचा दाब धरून पंपाने पाणी चढवायची एकूण उंची ५० मीटर, सरीसाठी ३५ मीटर आणि पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर दोन्हींना जवळजवळ पाचच अश्वशक्ती लागते. पाणी मात्र दीडपट वेगळे! अश्वशक्तीवरून पाण्याचा अंदाज बांधणे किती कच्चे आहे, ते यावरून दिसते.

आडसाली डिसेंबरात तुटल्यावर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) धरणार असाल, तर पुढच्या उन्हाळ्यातही उसाचीच गरज राहते, म्हणून दोन्ही वर्षांची मांडणी जोडा. आणखी एक, "जास्त लिहिले तर बरे" असे समजून सरीचा आकडा टाकू नका. नदीकाठच्या काळ्या रानात अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत.

प्रश्नकर्ता (कृष्णाकाठ):
आभारी आहे. ठिबकचा आकडा धरून तिन्ही हंगामांचा तक्ता करतो. खोडव्याचा गुणांक महिनावार बदलेल का?

उत्तर (पाटकरी):
होय. फुटव्याच्या काळात तो ०.४ च्या आसपास असतो, पूर्ण वाढीत १.२५ पर्यंत चढतो आणि तोडणीकडे जाताना ०.७५ वर उतरतो. तुमच्या तोडणीच्या तारखेपासून महिने मोजा.