मदत हवी आहे: आजीची गोंडी गाणी कशी लिहून ठेवू?

नमस्कार मंडळी. माझी आजी देवलापारकडची, गोंड. तिला लग्नाची, पेरणीची कितीतरी गाणी येतात; गोंडीत त्यांना पाटा म्हणतात. आम्हा नातवंडांना एकही समजत नाही. आई शाळेत गोंडी बोलली की मार बसायचा, म्हणून तिने घरात मराठीच धरली. माझ्या मुलीचं तर सगळं हिंदी-इंग्रजीतच चालू आहे.

जास्त वाईट याचं वाटतं की हे नागपूर वसवलंच छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. मग भोसले आले, १८५४ मध्ये राज्य खालसा करून इंग्रज आले, १८७८ च्या जंगल कायद्याने रानं राखीव होत गेली. बेवर, म्हणजे रान तोडून-जाळून करायची फिरती शेतीच बंद झाल्यावर तिची गाणी कोण म्हणणार? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, ती नाही. हे मला पटत नाही.

असो, कामाचं बोलते. फोनवर ११ गाणी रेकॉर्ड झालीत. ती ऐकून शब्दन् शब्द उतरवून देईल, अर्थ सांगेल असं कुणी नागपुरात आहे का? मानधन देईन. देवनागरीत लिहावं की मसराम किंवा गुंजाला गोंडी लिपीत? देवनागरीत लिहून पाहिलं, पण आजीचे काही उच्चार बसतच नाहीत. आजी ८२ वर्षांची आहे, आताशा मधल्या ओळी विसरते. म्हणून जरा लवकर सांगा.