नाताळची सजावट: बजेट २०००, घर जुनं, नणंद मुंबईची. सुचवा काहीतरी!

पडवीतली_सून
घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्र चालत पाच मिनिटांवर. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे लांबलचक पडवी. दरवर्षी सासरे चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांची चांदणी करून टांगतात, कोपऱ्यात येशूजन्माचा गोठा मांडतात, की झाला आमचा नाताळ. यंदा नणंद पोराबाळांसकट येतेय आणि तिच्या फ्लॅटचे गेल्या वर्षीचे फोटो बघून माझा धीर खचलाय. जरा स्टायलिश हवं, पण दुकान मांडल्यासारखं नको. बजेट २००० रुपये, त्यात लायटिंगही आलं. लेकाला कापसाचा बर्फ हवाय, मला अजिबात नकोय.

गावकार_७१
झाड घ्या, बाकी सगळं झाडाच्या जिवावर होतं. मी मुंबईतून सहा फुटी आणलं, ६५०० ला. एकदाच घ्यायचं ते चांगलं घ्यावं. बघणारे विचारतात, खरं आहे का म्हणून.

पडवीतली_सून
दादा, बजेट २००० आहे.

गावकार_७१
म्हणूनच सांगतोय, स्वस्तातलं घेऊ नका.

खाडीपलीकडचा
साडेसहा हजार कशाला? सुरूची एक फांदी आणा, बादलीत वाळू भरून रोवा. आमच्या लहानपणी सगळे तेच करायचे.

रेडी_रेवस
गो बाय, सुरू तोडू नको हां. ती झाडां वारो आणि रेती अडवूक लावलेली आसत. फॉरेस्टवालो इलो तर नाताळ थयच.

खाडीपलीकडचा
तोडा कुठे म्हटलं? पडलेली उचला.

रेडी_रेवस
पडलेली चार दिवसांत तांबडी होता. मगे झाडू म्हणान वापर.

जुना_वाचक
झाडाच्या नादात मूळ विसरू नका. गोठा आधीचा. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून. सजवलेलं झाड त्यानंतर कितीतरी वर्षांनी जर्मनीकडून आलं. तेव्हा पैसे गोठ्यावर घाला.

खाडीपलीकडचा
गाढव आमच्याकडे मिळत नाही. म्हैस चालेल का?

बिनतारी
वायरिंगची कामं करतो, म्हणून लिहितो. रंगीत, लुकलुकणारी, वर गाणं म्हणणारी माळ घेऊ नका. एकाच छटेच्या वॉर्म व्हाइट एलईडीच्या तीन माळा घ्या, साधारण ७५० पर्यंत होतील. पडवीच्या वाशांच्या आतल्या अंगाने न्या, म्हणजे तार दिसत नाही आणि उजेड तेवढा भिंतीवरून खाली उतरतो. जांभ्यावर पिवळा उजेड जसा खुलतो तसा गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीवर खुलत नाही, हे तुमच्या नणंदेला फ्लॅटात मिळायचं नाही. लाल रंग एकाच जागी ठेवा, दारावर किंवा गोठ्याशी. सगळीकडे लाल म्हणजे इलेक्शन. प्लगचे जोड पडवीच्या आत घ्या, खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात. आणि चांदणीत ६० वॉटचा जुना बल्ब नको, कागद करपतो. ५ वॉटचा एलईडी पुरे.

गावकार_७१
माझ्या झाडाला लाइट आतच आहेत.

मिठागर
गावकार, तुमच्या झाडाच्या लोखंडी पायाचं काय झालं ते पण सांगा की.

गावकार_७१
थोडा गंज आलाय. रंग मारला.

आंबोलीची_आजी
कागदी चांदणी बाहेर टांगूच नकोस बाळा. डिसेंबरात दंव एवढं पडतं की पतंगी कागद पहाटे ओल्या पापडासारखा लोंबतो. माझी तिसऱ्या दिवशी खाली. आता प्लास्टिकची आणते, २०० रुपयात.

मिठागर
+१, प्लास्टिकचीच. आमची कागदी तर खळीने चिकटवलेली, उंदरांनी कडा खाल्ल्या. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे. पण ते विष, घरात पोरं असतील तर नकोच.

सडयावरून
दंव, उंदीर ठीक. माकडांचं कोण बोलणार? चार माकडांनी माझी चांदणी काढली, माडावर नेली आणि वर बसून फाडली. माळेला हातही लावला नाही. एवढा अपमान कोणी केला नव्हता.

घाटावरची_सुनंदा
प्रश्न विचारते, हसू नका. गोठ्यात हिरवं गवत दिसतं ते विकत मिळतं का?

आंबोलीची_आजी
नाचणी पेरतो गं. रात्रभर भिजत घालायची, करवंट्यांत माती भरून वर दाट पसरायची, रोज पाणी शिंपडायचं. १२–१३ तारखेला पेरलीस तर २४ ला मऊ हिरवळ तयार. अंधारात ठेवलीस तर पिवळी पडते.

घाटावरची_सुनंदा
म्हणजे आमच्या घटासारखंच!

खाडीपलीकडचा
नाचणी पेरा. करवंटीत. छान दिसते.

मिठागर
आजींनी आत्ताच सांगितलं ते.

बिनतारी
कापूस मात्र नको. गोठ्यात दिवा असतो, पेट घेईल. शिवाय वेंगुर्ल्यात बर्फ!

जुना_वाचक
कापसाला माझाही विरोध.

आंबोलीची_आजी
नको गं कापूस.

पडवीतली_सून (२४ डिसेंबर, संध्याकाळ)
झाड घेतलं नाही. माळा बिनतारी म्हणाले तशा वाशांतून नेल्या. भिंत अशी दिसते की मी स्वतःच दोनदा अंगणात जाऊन बघून आले. दारावर सावंतवाडीच्या चितारआळीतली सहा लाकडी फळं लाल रिबिनीने बांधलीत. नाचणी बोटभर वाढली, पण एका करवंटीत कोंबडी बसून गेली.

प्लास्टिकच्या चांदणीचं सासऱ्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून चिवा तासायला बसले. कागदीच झाली. रोज रात्री जेवण झालं की काठीने उतरवून माजघरात ठेवतात.

आणि कापूस लावला. सगळ्यांनी नको म्हटलं, मीही म्हटलं होतं. पण लेकाने उशी उसवली होती, कापूस हातात घेऊन उभा. गोठ्यातला दिवा काढून आत एलईडी ठेवलाय. बाळ येशू रात्री बाराला ठेवायचा, तोवर गव्हाणीत कापूसच आहे. सगळं ६ जानेवारीला उतरवणार. तेव्हा हा कापूस नाचणीच्या पात्यांवरून कसा काढायचा, कोणी केलंय का?

मिठागर
२००० त बसलं?

पडवीतली_सून
नणंद आली, नंतर लिहिते.

गावकार_७१
झाड घेतलं असतं तर बरं झालं असतं.