कॅमॅरो गिऱ्हाइकाने मारली की शेव्हरलेने?

डेट्रॉइटकर:
शेव्हरलेची कॅमॅरो, फोर्डची मस्टँग आणि डॉजची चॅलेंजर, या तीन अमेरिकन दोन-दारी स्पोर्टी गाड्या. त्यातली कॅमॅरो तर बंदच झाली. परवा इथे एकाने लिहिलं, 'तिघींत सगळ्यात भारी कॅमॅरोच. अमेरिकन गिऱ्हाइकाला गाडीतलं कळत नाही, म्हणून चॅलेंजर आणि मस्टँग पुढे गेल्या.' वाचून डोकंच फिरलं. २०१० ते २०१४ सलग पाच वर्षं याच गिऱ्हाइकाने मस्टँग सोडून कॅमॅरो घेतली. तेव्हा त्याला कळत होतं आणि २०१६ ला अक्कल गहाण पडली?

२०१६ ची कॅमॅरो कॅडिलॅक एटीएस या गाडीच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे तिच्याच सांगाड्यावर आली. हलकी झाली, वळणावर रस्ता सोडत नाही, मान्य. पण आत बसून बघा. छप्पर कपाळावर, दाराची कड खांद्याला, काचा म्हणजे नुसत्या फटी. लेन बदलताना मागचं काही दिसत नाही. डिकी नऊ घनफूट, आणि तोंड इतकं अरुंद की मोठी बॅग तिरकी करून कोंबायची. चॅलेंजरची डिकी सोळा. २०२२ मध्ये अमेरिकेत चॅलेंजर ५५ हजार खपल्या, मस्टँग साडेसत्तेचाळीस, कॅमॅरो साडेचोवीस. दोष गिऱ्हाइकाचा कसा?

वन_एलई:
ते लिहिणारा मीच. चॅलेंजर २००८ पासून त्याच जुन्या सांगाड्यावर, वजन एकोणीसशे किलोच्या घरात. कॅमॅरो एसएस, म्हणजे तिचं व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) मॉडेल, तिच्यापेक्षा दोनशे किलोंनी हलकी. ट्रॅकवर घेऊन या, मग बोलू. डिकीच मोजायची तर मिनीव्हॅन घ्या!

अंजू_मिनिॲपोलिस:
ट्रॅकवर वर्षातून किती जण जातात? आमच्याकडे व्ही६ (सहा सिलिंडरची) चॅलेंजर आहे, चारही चाकांना ताकद देणारी. इथल्या बर्फात तीच हवी. मस्टँग आणि कॅमॅरोत ती सोयच नाही. सासू-सासरे कोल्हापूरहून आले तेव्हा मागच्या सीटवर बसून डुलुथपर्यंत आले. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तरी कुरकुर नाही. कॅमॅरोत त्यांना मागे बसवून दाखवा.

जुना_घोडा:
सगळे डिकी मोजताय, खरी गोष्ट राहिली. मस्टँग खपते ती नावावर. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली आणि पहिल्याच दिवशी बावीस हजार ऑर्डरी. आणि त्या नावाचं फोर्डने काय केलं? चार दारांच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीवर चिकटवलं! २०२४ मध्ये ती मस्टँग माक-ई जवळपास ५२ हजार खपली, खरी मस्टँग ४४ हजार. साठ वर्षांची पुण्याई विकून खाल्ली. मला याचा मनापासून संताप आहे.

फ्रीमाँटची_रेवती:
माक-ई मी रोज चालवते. नाव बघून नाही, चालवून बघून घेतली. आणि 'खरी मस्टँग' कुठली हो? १९७४ ची मस्टँग टू? फोर्डच्याच छोट्या पिंटो गाडीवरून काढलेली, त्या वर्षी व्ही८ नव्हतंच. तरी पावणेचार लाखांवर खपल्या, कारण तेलसंकट आलं होतं आणि लोकांना छोटी गाडी हवी होती.

जुना_घोडा:
ती निदान दोन दारांची होती! ऐंशीच्या दशकात फोर्ड माझ्दाच्या प्लॅटफॉर्मवर पुढच्या चाकांना ताकद देणारी मस्टँग काढणार होतं. लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, मग तिचं नाव प्रोब ठेवावं लागलं. या वेळी कोणी तोंड उघडलं नाही, तुमच्यासारख्यांनी तर पैसे मोजले.

फ्रीमाँटची_रेवती:
माझे पैसे, माझी गाडी. तुम्ही कोण हिशेब मागणारे?

डेट्रॉइटकर:
भांडण आवरा. घोडासाहेब, नावावर खपतं तर कॅमॅरोचं नाव काय कालचं आहे? १९६७ च्या मॉडेलपासून आहे. २००२ ला बंद पडून परत आली तेव्हा मस्टँगला मागे टाकलं तिने. नावामुळे माणूस शोरूममध्ये येतो, सही करतो ती आत बसल्यावर.

वन_एलई:
काचा लहान होत्या, ठीक आहे. २०१९ च्या मॉडेलचं पुढचं रूपही बिघडवलं, तेही ठीक. वर्षभरात बदलावं लागलं त्यांना. पण गाडी चालवण्यात चॅलेंजर तिच्या जवळपासही नाही, यातला एक शब्द मागे घेणार नाही.

अंजू_मिनिॲपोलिस:
घेऊ नका. पण रोज ऑफिसला जाताना खांद्यावरून मागे बघितल्यावर ट्रक दिसला पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं. शेव्हरलेने आठ वर्षांत तेही दिलं नाही.

जुना_घोडा:
आणि माक-ईला मस्टँग मी म्हणणार नाही.