जुन्या लष्करी रायफलीला भोक न पाडता पीप साइट कशी बसवावी? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी फोंड्याचा. बाबांची रायफल वारसाने, रीतसर परवान्यासह, माझ्याकडे आली आहे. बोअर (नळीच्या भोकाचे माप) .22, पण मूळ घडण पूर्ण लष्करी. बट (खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता) जिथे लोखंडात शिरते त्या गळ्यावर उजव्या बाजूला मुकुट, खाली बीएसए कंपनीचे नाव आणि 1917. म्हणजे पहिल्या महायुद्धातली .303 ली-एनफिल्ड, जिला नंतर सरावासाठी .22 ची नळी दिली गेली. आपल्याकडे एनसीसीच्या कितीतरी मुलांनी अशाच रायफलीवर नेम शिकला. गोळी एकेक करून हाताने भरायची, मॅगझीनच्या रिकाम्या खोक्यात पुंगळ्या पडतात. बोल्ट (मागेपुढे सरकणारा खटका), रिसीव्हर (तो ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा) आणि तोंडाकडची लोखंडी टोपी, सगळ्यांवर एकच नंबर आहे. नळीचा तो बदल सोडला तर इतक्या वर्षांत कोणीही तिचा एक भाग बदललेला नाही, आणि मला तिचे सर्वांत मोठे मोल यातच वाटते.

अडचण माझ्या डोळ्यांची. चाळिशी लागल्यापासून मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, धूसर दिसते. या रायफलीत ती डोळ्याजवळ नसून पुढे नळीवर आहे, त्यामुळे खाच, पुढचे पाते आणि लक्ष्य हे तिन्ही एका वेळी स्पष्ट दिसणे मला जमत नाही. डोळ्याजवळ बारीक भोकाची पीप साइट आली तर काम होईल. शिवाय पडून नेम धरायला पट्टा हवा, आणि बट मला आखूड पडते म्हणून मागे रबरी पॅड लावावा असे मनात आहे.

बेळगावच्या एका कारागिराला विचारले. तो म्हणाला, रिसीव्हरवर चार भोके पाडून आटे काढू, रेल (साइट अडकवायची पट्टी) बसवू, वर दुर्बीणही लागेल. माणूस हाताचा चांगला आहे, पण मला हे पटत नाही. शंभर वर्षांहून जुन्या पोलादात पाडलेले भोक परत बुजत नाही. पुढे जिच्या हाती ही रायफल जाईल तिला (बहुधा माझी मुलगी, ती आत्ताच क्लबात एअर रायफल चालवते) सगळे सामान काढून ठेवल्यावर ती जशी होती तशीच मिळावी, एवढीच माझी अट आहे. घासणे नाही, चिकटवणे नाही, भोक नाही.

दुसरी काळजी आपल्या हवेची. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. चामड्याचा पट्टा किंवा गालाखालची चामडी गादी रायफलीवर तशीच ठेवली तर खाली काय होईल? कोणी किनारपट्टीवर राहून हे केले असेल तर अनुभव जरूर लिहा.

प्रतिसाद १

दादा, मी सैन्यात आर्मरर (शस्त्रे दुरुस्त करणारा) होतो, आता सावंतवाडीला असतो. तुमची अट योग्य आहे आणि ती पाळता येते. या रायफलींवर इंग्लंडात अनेक दशके टार्गेट शूटिंग झाले, त्यामुळे भोक न पाडता बसणाऱ्या पीप साइट्स तेव्हाच निघाल्या. पार्कर-हेल या इंग्लिश कंपनीच्या जुन्या साइट्स शोधा. त्या डाव्या बाजूला, मूळच्याच स्क्रूच्या जागांचा आधार घेऊन बसतात. काढलेला मूळ स्क्रू चिठ्ठी लावून डबीत ठेवा. बसवल्यावर सेफ्टी (चाप अडवणारी कळ) पूर्ण फिरते का, हे रायफल रिकामी असल्याची खात्री करून तपासा. उंची जुळली नाही तर पुढचे पाते घासू नका. पाती वेगवेगळ्या उंचीची येत, दुसरे लावा. .22 ला धक्का नगण्य असतो, म्हणून नुसत्या पकडीवर बसणारी साइटही हलत नाही. .303 वर हे मी सांगितले नसते.

स्क्रूंचे आटे आजच्या मेट्रिक मापाचे नाहीत. बाजारातला ‘जवळपास बसणारा’ स्क्रू पिळला की आटे गेले. पेचकसाचे टोक खाचेत गच्च बसेल असेच घासून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. बट काढायची वेळ आली तर आधी पुढचे लाकूड उतरवा, मगच बटच्या आतला, तिला धरून ठेवणारा लांब बोल्ट फिरवा. त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते मागून चिरते. अशी चिरलेली लाकडे मी ढिगाने पाहिली आहेत, आणि ती बहुतेक गोळीने नाही, घाईने चिरलेली होती.

पट्ट्याच्या कड्या तुमच्या रायफलीला आहेतच, सुती वेबिंगचा (जाड विणलेल्या पट्टीचा) पट्टा घ्या. चामडे ओल धरते आणि त्याखाली लोखंड गंजते, म्हणून जे काही चामड्याचे असेल ते रेंजवरून आल्यावर उतरवून वेगळे टांगा. लाकडाला व्हार्निश नको, कच्चे जवसाचे तेल बोटाने थोडेसे चोळा. चामडी केसमध्ये रायफल कधीच साठवू नका.

पॅड घेण्याआधी बटच्या वरच्या कडेला, पितळी पट्टीपुढे, अक्षर दिसते का पाहा. बट वेगवेगळ्या लांबीच्या येत, अर्ध्या इंचाच्या फरकाने.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्यात एक भर. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. बेळगावला नेणार असाल तर कारागिराचा परवाना पाहा, आणि तुमचा परवाना कर्नाटकात चालतो का तेही आधी तपासा. नळीची लांबी कोणाच्याही सांगण्यावरून कमी करू देऊ नका, त्यासाठी कलम 6 वेगळे आहे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, देव बरें करूं. बटवर S अक्षर निघाले! म्हणजे आखूड बट आहे, माझा हात लांब नाही. तेव्हा रबरी पॅड रद्द. साध्या लांबीची जुनी बट मिळाली तर ती लावीन, आणि ही S ची बट तेल लावून जपून ठेवीन. गोवा, कोल्हापूर किंवा पुणे भागात परवानाधारक विक्रेत्याकडे अशी सुटी बट किंवा पार्कर-हेलची साइट कोणी पाहिली असेल तर कृपया इथे सांगा. साइट सर्व भागांसह हवी, स्क्रू नसलेली नको.